हातमोजे होते, तरीही...

मुलांनो, 'शास्त्रज्ञाचं चित्र काढा' असं मी माझ्या चौथीच्या वर्गाला सांगितलं, की टेबलावर साधारण एकसारखी चित्रं जमा होतात. पांढरा डगला, डोळ्यांवर मोठा चष्मा, हातात धूर निघणारा चंबू आणि डोक्यावर पिंजारलेले केस! आइनस्टाइन यांच्या फोटोमुळे आपण जगातल्या सगळ्याच शास्त्रज्ञांचे केस पिंजारून ठेवले आहेत. पण असे केस घेऊन तुम्ही एखाद्या विद्यापीठाच्या चांगल्या प्रयोगशाळेत गेलात ना, तर तुम्हाला दारातच थांबवतील. "आधी केस बांधा, मग आत या," असं म्हणतील.

डगला, चष्मा आणि हातमोजे हा काही शास्त्रज्ञांचा गणवेश नव्हे. पोलिसांची टोपी पाहून पोलीस ओळखू येतो, तसं शास्त्रज्ञ ओळखू यावा म्हणून हे कपडे नसतात. यातल्या प्रत्येक गोष्टीमागे काही ना काही घडलेलं आहे. आज तुम्हाला त्यातल्या हातमोज्यांची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट खरी आहे आणि थोडी दुःखाचीही आहे. पण पाचवी-सहावीच्या मुलांना कळू नये अशी नक्कीच नाही.

अमेरिकेच्या ईशान्येला न्यू हॅम्पशायर नावाचं एक छोटं राज्य आहे. तिथे डार्टमथ कॉलेज ही जुनी, नावाजलेली संस्था आहे. तिथे कॅरन वेटरहान नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. क्रोमियमसारखे जड धातू माणसाच्या शरीरात शिरले तर पेशींमध्ये काय उत्पात घडवतात, त्यातून कर्करोग कसा होऊ शकतो, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. म्हणजे बघा, विषारी धातूंपासून लोक वाचावेत म्हणूनच त्या काम करत होत्या. मुलींनी विज्ञानाकडे वळावं यासाठीही त्यांची धडपड असे. डार्टमथमध्ये १९९० साली त्यासाठी एक खास उपक्रम सुरू झाला, तो सुरू करणाऱ्यांमध्ये त्या होत्या. अशी ही हुशार आणि काळजीपूर्वक काम करणारी बाई.

१४ ऑगस्ट १९९६ या दिवशी त्या पाऱ्याच्या एका संयुगावर काम करत होत्या. आपल्या थर्मामीटरमधला चकचकीत पारा तुम्ही पाहिला असेल. हे संयुग मात्र वेगळं. त्याचं नाव डायमिथिल मर्क्युरी. दिसायला अगदी पाण्यासारखं, रंग नाही, पण पाण्यापेक्षा जवळजवळ तिप्पट जड. आणि भयंकर विषारी. हे विषारी आहे ही काही नवी बातमी नव्हती. १८६५ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेत याच पदार्थानं दोन मदतनिसांचा जीव घेतला होता.

मग इतका वाईट पदार्थ त्या वापरत तरी का होत्या? वाण्याच्या दुकानातली वजनं बरोबर आहेत की नाहीत, हे बघायला सरकारी माणूस आपली पक्की वजनं घेऊन येतो की नाही? तसंच हे. पाऱ्याची संयुगं तपासणारं एक मोठं यंत्र होतं. ते बरोबर मोजतंय ना, हे ठरवायला डायमिथिल मर्क्युरी हे 'पक्कं वजन' म्हणून वापरायची तेव्हा पद्धत होती. तेवढ्यापुरतं अगदी थोडं लागायचं.

बाईंनी काळजी किती घेतली होती ते पाहा. अंगात डगला होता. डोळ्यांवर संरक्षक चष्मा होता. हातात लॅटेक्सचे, म्हणजे पातळ रबराचे हातमोजे होते. द्रवाची वाफ कमी व्हावी म्हणून बाटली बर्फाच्या पाण्यात गार केली होती. आणि सगळं काम त्या 'फ्यूम हूड'मध्ये करत होत्या. फ्यूम हूड म्हणजे पुढे सरकती काच असलेलं मोठं कपाट. त्यातली हवा पंख्यानं सतत ओढली जाते आणि धुराड्यातून बाहेर टाकली जाते, म्हणजे विषारी वाफ काम करणाऱ्याच्या नाकाकडे येतच नाही. त्या काळी जी काळजी पुरेशी मानली जाई, ती सगळी इथे होती.

पिपेटनं द्रव एका बारीक नळीत भरताना तिच्या टोकावरून एक-दोन थेंब ओघळले. पडले ते हातमोज्यावर. बाईंनी घाबरून काही केलं नाही. काम आवरलं, सांडलेलं स्वच्छ केलं, हातमोजे काढले, हात धुतले. हातमोजा फाटला नव्हता. त्याला भोकही नव्हतं. कातडीला आग नाही, खाज नाही, डाग नाही. झालं, विषय संपला! असंच कुणालाही वाटलं असतं.

पुढचे तीन महिने काहीच झालं नाही. मग पोट बिघडायला लागलं, वजन उतरू लागलं. जानेवारी १९९७ मध्ये चालताना तोल जायला लागला, बोलताना शब्द अडखळू लागले, दारावर धडका बसू लागल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं. एरवी आपल्या रक्तात लिटरमागे फार तर आठ मायक्रोग्रॅम पारा सापडतो. (एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रोग्रॅम.) बाईंच्या रक्तात तो होता चार हजार!

पारा शरीरातून बाहेर काढणारी औषधं दिली गेली, पण मेंदूला व्हायची ती इजा आधीच होऊन गेली होती. काही आठवड्यांतच बाई बेशुद्धीत गेल्या. ८ जून १९९७ रोजी त्या वारल्या. वय अवघं ४८.

आता तुमच्या मनात प्रश्न आला असेल. हातमोजा फाटला नाही, भोक पडलं नाही, मग थेंब आत गेला कसा?

याचं उत्तर तुम्ही घरच्या घरी शोधू शकता. वाढदिवसाचे फुगे आठवा. गाठ कितीही घट्ट मारा, दोन दिवसांनी फुगा मऊ पडतो, चौथ्या दिवशी सुरकुतून लोंबायला लागतो. हवा गेली कुठून? बरीचशी रबरातूनच! पटत नसेल तर हा प्रयोग करा. एका रबरी फुग्यात ड्रॉपरनं व्हॅनिला इसेन्सचे चार-पाच थेंब टाका. थेंब फुग्याच्या तोंडाला बाहेरून लागू देऊ नका. मग आई-बाबांना किंवा ताईला फुगा पंपानं फुगवून घट्ट बांधायला सांगा. (पंपच घ्या. तोंडानं फुगवताना इसेन्स घशात जायचा!) हा फुगा एका रिकाम्या स्वच्छ डब्यात ठेवून झाकण लावा. काही तासांनी झाकण उघडून वास घ्या. आइस्क्रीमच्या दुकानात आल्यासारखं वाटेल. फुगा मात्र जसाच्या तसा, कोरडा.

तुमच्या आजीला हे फुग्यावाचूनही माहीत आहे. हिंगाची पुडी पातळ कॅरीबॅगेत कितीही गुंडाळून पिशवीत ठेवा, घरी येईपर्यंत साखरेला, रव्याला आणि नव्या वह्यांनाही हिंगाचा वास लागतोच. म्हणून हिंग डबीत ठेवायचं आणि डबी जाड, घट्ट झाकणाची घ्यायची.

रबर आपल्याला सलग दिसतं, पण ते असतं लांबच लांब साखळ्यांसारख्या रेणूंचं. वाटीभर शिजवलेल्या शेवया डोळ्यांसमोर आणा. वरून बघितलं तर एक गोळा, पण दूध ओतलं की शेवयांच्या मधून ते बरोबर वाट काढतं. रबराच्या साखळ्यांमधूनही लहान रेणू असेच सरकत सरकत पलीकडे जातात. सगळेच जातात असं मात्र नाही हं! पाण्याचं आणि रबराचं फारसं जमत नाही. म्हणून रबरी हातमोजे घालून भांडी घासली तर हात कोरडे राहतात. तेलकट जातीच्या द्रवांचं मात्र रबराशी छान जमतं. इंजिन ऑइलमध्ये पडून राहिलेलं रबर फुगून लिबलिबीत होतं, हे कुठल्याही गॅरेजवाल्या काकांना विचारा. डायमिथिल मर्क्युरी याच जातीचं. त्याच्यासाठी लॅटेक्सचा हातमोजा म्हणजे भिंत नव्हतीच, चाळण होती.

ही चाळण किती भरभर गळते, हे बाई आजारी पडल्यावर समजलं. त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वतंत्र प्रयोगशाळेकडून हातमोज्यांची चाचणी करून घेतली. डायमिथिल मर्क्युरी तसल्या हातमोज्यातून पलीकडे जायला पंधरा सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ लागत होता. मनातल्या मनात पंधरापर्यंत मोजून बघा. हातमोजा काढायचा विचार येईपर्यंत संपलेलं असतं सगळं.

मला या गोष्टीतला पुढचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. अशा वेळी माणसं गप्प बसतात. 'आपल्या संस्थेची बदनामी नको' म्हणतात. डार्टमथच्या लोकांनी तसं केलं नाही. बाई अजून रुग्णालयात असतानाच, मे १९९७ मध्ये, त्यांनी रसायनशास्त्रज्ञांच्या साप्ताहिकात पत्र छापलं. काय घडलं, हातमोजे कुठले होते, चाचणीत काय दिसलं, सगळं त्यात होतं. जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये त्या क्षणी कुणीतरी तसेच पातळ हातमोजे घालून काम करत असणार, त्यांना हे कळायला हवं होतं. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेची काळजी घेणाऱ्या सरकारी खात्यानंही १९९८ मध्ये इशारा काढला. हा पदार्थ वापरावाच लागला तर आत अनेक पदर एकावर एक चिकटवलेले खास प्लॅस्टिकचे हातमोजे आणि त्यावर लांब, जाड हातमोजे, असे दोन जोड घाला. आणि त्याहून चांगलं म्हणजे हा पदार्थ 'पक्कं वजन' म्हणून वापरूच नका, दुसरा कमी विषारी शोधा.

तेव्हापासून चांगल्या प्रयोगशाळेत 'हातमोजे घातलेस का?' एवढं विचारून भागत नाही. 'कशासाठी कुठले घातलेस?' असं विचारतात. हातमोजे बनवणाऱ्या कंपन्या तक्ते देतात. कुठला रसायनद्रव कुठल्या हातमोज्यातून किती मिनिटांत पार होतो, ते त्यात लिहिलेलं असतं. निळे नायट्राइलचे हातमोजे तुम्ही दवाखान्यात पाहिले असतील. ते तेलापुढे चांगले टिकतात. पण नेलपॉलिश काढायच्या बाटलीत असतं ते ॲसिटोन त्यांच्यातून लवकर शिरतं. ॲसिटोनला ब्यूटाइल रबराचे हातमोजे लागतात. सगळ्यांना पुरून उरेल असा एकच हातमोजा जगात नाही.

आणखी एक विलक्षण गोष्ट. थेंब कधी पडला, हे डॉक्टरांनी कसं शोधलं माहीत आहे? बाईंच्या लांब केसावरून! आपला केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि त्या त्या वेळी रक्तात जे असेल त्याचा अंश केसात अडकून राहतो. म्हणजे केस ही एक रोजनिशीच झाली. केसाचे बारीक तुकडे करून तपासले, तेव्हा एकाच ठिकाणी पारा एकदम चढलेला दिसला. म्हणजे विष थोडंथोडं रोज जात नव्हतं, ते एकदाच गेलं होतं. दुसरी रोजनिशी बाईंनी स्वतः लिहिलेली होती, प्रयोगाची वही. त्यात तारीख होती: १४ ऑगस्ट. दोन्ही वह्या एकमेकींशी जुळल्या. 'प्रयोगवहीत तारीख घातली नाही तर बाई उगाच मार्क कापतात,' असं कुरकुरणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं!

वेटरहानबाईंच्या वेळी हातमोज्यांचं हे गुपित फारसं कुणाला माहीत नव्हतं. पण सगळ्याच अपघातांना ही सबब लागू पडत नाही. कित्येकदा सगळं ठाऊक असतं, लिहिलेलंही असतं, आणि तरी होत नाही.

दिवाळीत फटाके उडवायला निघालात की आई काय म्हणते? "तो झुळझुळीत नायलॉनचा झगा काढ आधी, सुती घाल!" कारण कृत्रिम धाग्याचं कापड पेटलं की वितळतं आणि अंगाला चिकटतं. आता ऐका. अमेरिकेत लॉस एंजेलिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २९ डिसेंबर २००८ रोजी, म्हणजे नाताळच्या सुट्टीत, २३ वर्षांची एक संशोधन सहायक काम करत होती. हवा लागताच आपोआप पेट घेणारा एक द्रव ती सिरिंजनं एका बाटलीतून दुसरीकडे नेत होती. सिरिंजचा दट्ट्याच बाहेर निघाला आणि द्रव पेटला. तिच्या अंगात डगला नव्हता, कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता. अंगावर पाणी सोडणारा आपत्कालीन शॉवर काही पावलांवर होता, पण त्या गडबडीत कुणी तिला त्याखाली नेलं नाही. अठरा दिवसांनी ती गेली. डगला घालायचा नियम होता का? होता. त्या प्रयोगशाळेत लोक डगले घालत नाहीत, अशी नोंद विद्यापीठाच्याच तपासणीत दोनच महिन्यांपूर्वी झाली होती. नोंद झाली आणि कागद फाइलला लागला. पुढे हे प्रकरण कोर्टात गेलं आणि विद्यापीठाला सुरक्षेच्या कामात पुष्कळ सुधारणा कबूल कराव्या लागल्या.

पालकहो, या गोष्टीत 'त्या मुलीनं डगला का नाही घातला?' असं विचारून थांबणं मला बरोबर वाटत नाही. नव्यानं कामाला लागलेल्या मुलीला काय घालायचं, आग लागली तर कुठे धावायचं, हे कुणी करून दाखवलं होतं का, हा प्रश्न पहिला. आपण लेकराला सायकल देतो तेव्हा ब्रेक कुठे आहे हे सांगून मोकळे होत नाही, दाबून दाखवतो.

टेक्सास टेक विद्यापीठात जानेवारी २०१० मध्ये घडलं ते तर डोळ्यांवरच्या चष्म्याचं आहे. तिथे दोन विद्यार्थी एक स्फोटक संयुग तयार करत होते. एका वेळी १०० मिलिग्रॅमहून जास्त करायचं नाही, असं ठरलं होतं. १०० मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही. पण हे सगळं तोंडी. कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, कुणी तपासत नव्हतं. पुन्हापुन्हा करत बसण्यापेक्षा एकदमच पुरेसं करू, म्हणून त्यांनी सुमारे दहा ग्रॅम केलं. म्हणजे शंभरपट! त्यातला एक जण खलात त्याच्या गुठळ्या फोडत होता. तोवर त्याच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा होता. काम झालं असं वाटून तो बाजूला झाला, चष्मा काढला. मग वाटलं, अजून एकदा ढवळून घ्यावं. तो परत वळला, चष्मा न घालता. आणि नेमका तेव्हाच स्फोट झाला. त्याची तीन बोटं गेली, डोळ्याला इजा झाली.

'एकदाच, पटकन' हे शब्द तुमच्याही ओळखीचे असतील. एकदाच पटकन हेल्मेट न घालता कोपऱ्यावरून दूध आणायचं, एकदाच पटकन ओल्या हातानं बटण दाबायचं. प्रयोगशाळेतल्या अपघातांची वर्णनं वाचताना हे शब्द मनात सारखे येतात.

आणि ते पिंजारलेले केस? २०११ मध्ये अमेरिकेतल्याच येल विद्यापीठात एक विद्यार्थिनी रात्री उशिरा कार्यशाळेत लेथवर काम करत होती. लेथ म्हणजे धातूचा तुकडा गरगर फिरवून त्याला आकार देणारं यंत्र. तिचे केस त्यात अडकले. बटण बंद करायला शेजारी कुणीही नव्हतं. ती वाचली नाही. केस बांधा, ओढणी खोचा, बाह्या दुमडा आणि धोक्याचं काम एकट्यानं करू नका, हे नियम कंटाळवाणे वाटतात खरे. पण बटण दाबायला दुसरा हात हवा, एवढा साधा अर्थ आहे त्यांचा.

बाकीचे नियम तुमच्यातल्या मोठ्या मुलांना शाळेतूनच माहीत असतील. आम्लात पाणी ओतायचं नाही, पाण्यात आम्ल सावकाश ओतायचं. लेबल नसलेल्या बाटलीला हात लावायचा नाही. डोळ्यांत काही उडालं तर चोळायचं नाही, वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं डोळा उघडा धरायचा. प्रयोगशाळेत डबा खायचा नाही. हे शेवटचं ऐकून हसू येतं ना? पण एके काळी मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा पिपेटमध्ये द्रव चक्क तोंडानं ओढून घ्यायचे, आपण उसाचा रस स्ट्रॉनं ओढतो तसा! कधी आम्ल, कधी रोगजंतूंचं पाणी तोंडात जायचं. आता त्यासाठी रबरी फुगा किंवा बटणाची पिपेट असते.

आता आपल्या देशातली एक गोष्ट सांगते, कारण हे सगळं अमेरिकेतच घडतं असं कुणाला वाटायला नको. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात 'गॅमा सेल' नावाचं एक यंत्र होतं. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी धातू होता. त्यातून डोळ्यांना न दिसणारे, पण शरीराच्या आरपार जाणारे किरण निघतात. ते बाहेर येऊ नयेत म्हणून यंत्राला शिशाचं जाडजूड कवच असतं. १९८५ पासून हे यंत्र वापरात नव्हतं. पडून राहिलं. वर्षं गेली, माणसं बदलली. फेब्रुवारी २०१० मध्ये विद्यापीठानं ते चक्क भंगारात विकलं!

ते पोहोचलं पश्चिम दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात. तिथल्या कामगारांना काय माहीत, आत काय आहे ते? त्यांना शिसं हवं होतं, शिशाला भाव चांगला मिळतो. त्यांनी कवच फोडलं. आतला चकाकणारा धातू या दुकानातून त्या दुकानात गेला. एप्रिलमध्ये माणसं आजारी पडू लागली. केस गळू लागले, कातडी काळवंडली, उलट्या सुरू झाल्या. एका कामगाराचा मृत्यू झाला, बाकीच्यांवर बरेच दिवस उपचार करावे लागले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या तज्ज्ञांसह अनेक जणांनी मायापुरीतला कोपरान् कोपरा यंत्रांनी धुंडाळून तो धातू गोळा केला. मुंबईतच कचेरी असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळानं दिल्ली विद्यापीठाला किरणोत्सर्गी पदार्थ वापरायला मनाई केली.

तुम्ही म्हणाल, पंचवीस वर्षं पडून राहिलेल्या वस्तूत जोर तो काय उरणार? इथे थोडं गणित करू. कोबाल्ट-६० चा जोर सुमारे सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो. आणखी सव्वापाच वर्षांनी त्याच्या निम्मा, म्हणजे पाव. मग आठवा भाग, मग सोळावा, मग बत्तिसावा. पंचवीस वर्षांत जवळजवळ एवढंच. मोठ्या लाडवाचा बत्तिसावा तुकडा म्हणजे मुंगीला पुरेल इतका, पण मूळचा लाडूच डोंगराएवढा असेल तर? उरलेल्या तुकड्यानंही मायापुरीत माणसाचा जीव घेतला.

या गोष्टीतल्या कुणीच प्रयोग करताना चूक केली नव्हती. प्रयोग कधीच संपले होते. चूक झाली ती नंतर, आवराआवर करताना. विद्यापीठात शिकणाऱ्या मोठ्यांना मी म्हणेन की, निवृत्त झालेल्या सरांच्या कपाटातल्या, लेबल पुसट झालेल्या बाटल्यांची यादी करणं हेसुद्धा संशोधनाइतकंच मोलाचं काम आहे. त्याला कुणी बक्षीस देत नाही, ही गोष्ट वेगळी.

किरणोत्सर्गाची खूण तुम्ही पुस्तकात पाहिली असेल. पिवळ्यावर काळी तीन पाती. ज्याला माहीत नाही त्याला तो छताचा पंखा वाटेल! म्हणून २००७ साली एक नवी खूण आली. लाल त्रिकोण, त्यात वरून येणारे किरण, खाली कवटी आणि पळणारा माणूस. भारतासह अकरा देशांतल्या सुमारे साडेसोळाशे लोकांना दाखवून, त्यांना ती वाचता न येताही समजते की नाही हे बघून मगच ती ठरवली गेली. आतला धोकादायक भाग जिथे असतो त्याच्याजवळच ती लावायची असते, म्हणजे यंत्र उघडणारा माणूस तिथूनच मागे फिरेल. अशी खूण असलेली कुठलीही वस्तू कधी भंगारात, रस्त्यावर, नदीकाठी दिसली, तर तिला हात लावायचा नाही, जवळ थांबायचं नाही. मोठ्यांना सांगून पोलिसांना कळवायचं.

तुमच्यापैकी कुणाचा दादा किंवा ताई एमएस्सीला, पीएचडीला असेल. गणपतीत घरी आली की तिला विचारा, "तुझ्या प्रयोगशाळेत शॉवर कुठे आहे? तू कुठले हातमोजे घालतेस आणि तेच का?" तिला पटकन सांगता आलं तर छान. नाही आलं, तर तीही परत गेल्यावर कुणाला तरी विचारेल.

आणि तुमच्या शाळेतली प्रयोगशाळा? तिथे दाराजवळ लाल बादल्या टांगलेल्या असतील, आग विझवायच्या वाळूच्या. उद्या मधल्या सुट्टीत सरांची परवानगी घेऊन त्यात डोकावून बघा. वाळू आहे, की कागदाचे बोळे आणि गोळ्यांची वेष्टनं?